गोड्या बावीचा बंदोबस्त

त्या उन्हाळ्यात आमच्या बंदराच्या गावात दोन माणसांची वाट बघणं चाललं होतं. अख्खा गाव नामदारांची वाट बघत होता आणि मी माझ्या बायकोची. नामदार येऊन गेल्याशिवाय बायको येणार नव्हती, म्हणून मीही नामदारांची वाट बघत होतो, आणि इतक्या कळकळीने तर त्यांच्या पक्षाचा तालुकाध्यक्षही बघत नसेल.

मी एसटी स्टँडवर कंट्रोलर. कोणती गाडी आली, कोणती सुटते, कोणती का आली नाही, हे माइकवरून ओरडून सांगायचं, हा माझा धंदा. उन्हाळ्यात मुंबईकरांची एवढी गर्दी की रजेचं नाव काढलं तर डेपो मॅनेजर माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघायचा. दुपारी वैभववाडीची गाडी फलाटाला लागायची. तिची घोषणा करताना माझा आवाज बदलतो, असं चहावाला म्हणायचा. बदलत असेल. दार उघडायचं, माणसं उतरायची, शेवटचा माणूस उतरला की कंडक्टर मला हात हलवून 'नाही' म्हणायचा. मी न विचारता.

बायको माझी शेवंती, वैभववाडीच्या पलीकडे घाटाच्या पायथ्याशी तिचं गाव. भाताची शेती, काजूची बाग, आणि मागच्या दारी डोंगरातून येणारा झरा, बारा महिने चालू. दिवाळीनंतर ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. पौषात मुलगी झाली. बारशाला मी एका दिवसासाठी गेलो, नाव सुनीती ठेवलं, आणि त्या एवढ्याशा पोरीने माझं बोट मुठीत धरलं ते सोडेना. परतीची गाडी चुकेल म्हणून मीच ते सोडवून घेतलं. त्यानंतर कित्येक दिवस ते बोट मला माझं वाटेना.

आमच्याकडची रीत अशी, की बाळंतीण मूल घेऊन सासरी यायची ती तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात. तिसऱ्यात काजू आड आले. शेवंतीच्या बापाकडे काजू गोळा करायला माणूस नव्हतं, आणि तिलाही बागेतून हलवेना. पाचवा महिना वैशाखी अमावास्येला संपत होता. तो हुकला की मग पाऊस, ओढ्या-व्हाळांना पूर, आणि नंतर आई कुठला मुहूर्त काढील तो देवालाच माहीत.

रीतीचा दुसरा भाग जास्त अवघड. घरात पाऊल टाकण्याआधी बाळंतिणीने बाव, म्हणजे विहीर, पुजायची. हळदकुंकू लावायचं, ओटी ठेवायची, मग कळशीभर पाणी स्वतः आणून त्याच्यावर पहिला भात शिजवायचा. आणि बाव कुठली? तर ज्या बावीचं पाणी घर पितं ती. आमच्या परसात बाव होती, तशी गावात घरटी एक होती. पण चैत्र लागला की समुद्र जमिनीखालून आत सरकतो. पाणी आधी मचूळ होतं, मग खारं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. टँकर यायचा म्हणे. मी तरी त्याच्यापेक्षा उशिरा येणारी एसटी बघितलेली नाही. तेव्हा उन्हाळ्यात अख्खा गाव पाणी प्यायचा तो गोड्या बावीचं. कातळाच्या उताराखाली, लाटांचे तुषार उडतील एवढ्या अंतरावर ती बाव, आणि तरी पाणी असं गोड की पाहुण्याला गूळ द्यायची गरज नाही.

त्याच बावीला त्या वर्षी कुलूप लागलं.

कारण बावीच्या डोक्यावर सरकारी विश्रामगृह होतं. तिथे नामदार उतरणार होते. येणार होते ते कशाला, तर आमच्या नळयोजनेच्या भूमिपूजनाला, म्हणजे आम्हांला पाणी द्यायला. विश्रामगृहाच्या टाकीत पाणी चढायचं ते ह्या बावीतून. बावीत कोणी काही टाकलं तर? तेव्हा दिवसही तसे होते; रोज पेपरात कुठे ना कुठे स्फोटाची बातमी असायची. फौजदार आले, तोंडावर लोखंडी जाळी बसवली, कुलूप घातलं आणि दोन दिवसांसाठी पहारा ठेवला. गावाने तक्रार केली नाही. दोन दिवस काय, पाहुणा येतोय म्हटल्यावर आम्ही चार दिवसही तहानलेले राहिलो असतो.

नामदार आले नाहीत. दौरा पुढे ढकलला. रद्द झाला असता तर जाळी निघाली असती, पण तो फक्त पुढे ढकलला होता. मग परत ढकलला. तारीख विचारावी तर फौजदार म्हणायचे, "सुरक्षेच्या कारणास्तव सांगता येत नाही." गावातली चार पोक्त माणसं अर्ज घेऊन गेली. त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि सांगितलं, "सुरक्षेचा प्रश्न आहे." ह्या शब्दापुढे माणसाची बोलतीच बंद होते. कोणाची सुरक्षा, असं विचारावंसं वाटतं, पण जो विचारील त्याच्याकडेच आधी बघतात. माणसं चहा पिऊन परत आली. चहा गोड्या बावीच्या पाण्याचा होता, हे मात्र चौघांनीही घरी येऊन सांगितलं.

पहाऱ्यावर होता शिवा. तोंडवलीचा, आमच्याच वयाचा, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. मी ड्यूटी संपली की त्याच्याकडे जाऊन बसायचो. बाव बघायला जायचो म्हणा. जाळीला कान लावला की आत कपारीतून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं.

"शिवा, कधी येतलो रे तो तुझो नामदार?"

"माका काय म्हायत? माका सांगलेत, कोणाक बावीत काय घालूक दिवचा नाय. मी उभो आसंय."

"काढूक दिवचा नाय असा सांगूक नाय मां?"

शिवा हसला नाही. म्हणाला, "भाई, नोकरी घालवशीत माजी."  त्याच्या घरीही म्हातारी आई होती आणि तीही खारंच पीत होती.

शेवंतीचा निरोप गाडीच्या ड्रायव्हरबरोबर यायचा. 'बाय आता हसता.' 'बाय पालथी पडली.' 'बाव उघडली काय?' बाय म्हणजे आमची सुनीती. मी उलट निरोप द्यायचो, 'उघडतली.' माझ्या पोरीचं हसणं मी एका मिशाळ ड्रायव्हरच्या तोंडून ऐकत होतो. तो बिचारा करूनही दाखवायचा. त्याचं ते हसणंही मी त्याला परत करायला लावायचो, एवढी माझी दशा झाली होती.

आणि एक दिवस तिने पाणी पाठवलं. आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचे हाल आहेत हे तिला कळलं होतं. प्लास्टिकचा एक कॅन, झऱ्यावर भरलेला, तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं तिच्या जुन्या निळ्या लुगड्याचं. ड्रायव्हरने तो सीटखाली ठेवला आणि गाडी लागल्यावर तो चहा प्यायला गेला. मी केबिनमध्ये माइकवर वरून आलेली सूचना वाचत होतो, की प्रवाशांनी बेवारस वस्तूंना हात लावू नये, आढळल्यास पोलिसांना कळवावे. वाचता वाचता खिडकीतून बघतो, तर पोलीस गाडीतून तो कॅन उतरवतायत आणि निळं फडकं हेलकावे खातंय.

मी धावलो. "माझा आहे तो, माझा!"

फौजदार स्वतः होते. "आत काय आहे?"

"पाणी."

"कोणी दिलं?"

"बायकोने."

"बायको कुठे आहे?"

"माहेरी."

सगळे हसले. फलाटावरची माणसंही हसली, मीही हसलो असतो, दुसऱ्याचा कॅन असता तर. फौजदार वाईट माणूस नव्हते. समजुतीच्या सुरात म्हणाले, "कंट्रोलरसाहेब, तुम्हीच आत्ता काय वाचत होता?" मी म्हटलं, मी तुमच्यासमोर पिऊन दाखवतो. तर म्हणाले, "तुम्हाला काही झालं तर जबाबदारी आमची." आणि कॅन उपडा केला.

घाटाखालून इतक्या लांब आलेलं ते पाणी स्टँडच्या धुळीत गेलं. धूळ एवढी तापलेली की डाग पडला आणि डोळ्यांदेखत पुसला. बाजूला मच्छी विकून परत निघालेल्या बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्यातली हौसाबाई मोठ्याने म्हणाली, "मेल्यांनू, माज्या तोंडात तरी ओतूचा होतात." कोणी तिला गप्प केलं नाही. मी फडकं उचललं, ते ओलं होतं, आणि केबिनमध्ये जाऊन ते तोंडावर धरलं. खरं सांगतो, मी त्या दिवशी रडलो. माइक बंद आहे ना, एवढं बघितलं होतं.

ड्रायव्हरने ही हकिगत तिकडे तिखटमीठ लावून सांगितली असणार. कारण अमावास्येच्या आदल्या दिवशी वैभववाडीची गाडी लागली, आणि कंडक्टरने नेहमीसारखा हात हलवला नाही.

आधी तिचा भाऊ बाबली उतरला, कडेवर सुनीती. मागून शेवंती, दोन्ही हातांत पितळेची कळशी, तोंडाला केळीचं पान बांधलेलं. सबंध प्रवास ती मांडीवर धरून आली होती. मांडीवर पोर नाही, कळशी. पोलीस पुढे झाला तर तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला. मी केबिनमधून कसा बाहेर आलो मला आठवत नाही. ती बारीक झाली होती, रंग उजळला होता, आणि माझ्याकडे बघून तिला हसू आवरत नव्हतं. मला तिला हात लावायचा होता. चव्हाट्यावर ते शक्य नव्हतं. मी कळशीला हात लावला.

"दी हय, जड आसा," मी म्हटलं.

"नको. माकाच न्हेवक होयी," ती म्हणाली. "आदी बावीर जावया."

"शेवंते, बाव बंद आसा. तुका निरोप..."

"म्हायत आसा."

घर वाटेवरच. आई पुढच्या दारी उभीच होती, पूजेचं ताट घेऊन; स्टँडवरची बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. माझी आई यशोदा रीतीची एवढी कडक, की नात समोर दिसत असताना तिने हात पुढे केला नाही. फक्त बघत राहिली, आणि पदराने डोळे पुसत आमच्या पुढे चालू लागली.

शिवा आम्हांला बघून उठून उभा राहिला. "भाई, चावी फौजदारांकडे आसा. माका उघडता येवचा नाय."

"उघडू नकात, दादा," शेवंती म्हणाली. "जाळी आसांदे."

तिने बावीच्या दगडी काठाला हळद लावली, कुंकू लावलं. जाळीवर खण, तांदूळ, नारळ ठेवला. बाबलीकडून पोर घेतली आणि तिचं डोकं काठावर टेकवलं. सुनीती जाळीकडे हात करून काहीतरी बोलली. मग शेवंतीने कळशीवरचं पान सोडलं आणि आम्हांला काही कळायच्या आत अर्धी कळशी जाळीतून आत ओतली. खोल खाली पाण्यावर पाणी पडल्याचा आवाज आला. त्या उन्हाळ्यात इतका सुंदर आवाज मी ऐकला नव्हता.

"गो, ह्या काय केलंस?" आई म्हणाली.

"माज्या म्हायारचा पाणी बावीत मिसळला, आई. आता कळशीत उरला ता पण बावीचाच झाला."

आई विचारात पडली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एखाद्या खटल्याच्या निकालाकडेही कोणी इतकं बघितलं नसेल. ही बाई संकष्टीला चंद्र ढगाआड गेला तर उपाशी झोपणारी. ती बावीकडे बघून हात जोडत म्हणाली, "झाली पूजा. चला घराक." आणि तिने नातीला घेतलं ते छातीशी असं धरलं की पोर कळवळली.

शिवाचं तोंड मात्र उतरलं होतं. "वयनी, कोणी बावीत काय घालू नये म्हणान तर माका हय उभो केल्यानी. माका वर्दी दिवक होयी."

"दिया," शेवंती म्हणाली. "तुमचा काम तुमी करा."

त्या संध्याकाळी उरलेल्या अर्ध्या कळशीवर भात शिजला. मी पाटावर बसलो, मांडीवर सुनीती, आणि चुलीपुढे शेवंतीच्या बांगड्यांचा आवाज. इतके महिने मी त्या घरात जेवत होतो आणि तिथे काय कमी आहे ते म्हणे मला माहीत होतं. काहीच माहीत नव्हतं. सुनीतीने माझं बोट धरलं. ह्या वेळी कुठलीही गाडी सुटणार नव्हती.

शिवाने वर्दी दिली. मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली, कारण सकाळीच फौजदार दारात. वही काढून विचारू लागले, "विहिरीत काय टाकलंत?"

शेवंती दाराआडून म्हणाली, "पाणी."

"पाण्यात पाणी?"

"होय."

"उद्देश?"

"बाळंतिणीची पूजा," असं मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, वाचून बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. विहिरीत पाणी टाकल्याचा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा? तान्ह्या पोरीच्या आईला चौकीत न्यायची त्यांची तयारी नव्हती. पण बावीत काहीतरी पडलं होतं एवढं खरं, आणि वर कळवणं भाग. वरून हुकूम आला: विहीर पूर्ण उपसून घ्या.

कोणाच्या तरी बागेतून इंजिन आणलं. जाळी उघडली, पाइप आत सोडला, दुसरं टोक रस्त्याकडेच्या गटारात. इंजिन धडधडलं आणि गोडी बाव मनगटाएवढ्या धारेने गटारात पडायला लागली.

गावात आधी कोणाला खरं वाटेना. मग बायका धावल्या. हंडे, कळश्या, टोप, घंगाळं, बादल्या, जे हाताला लागलं ते. हौसाबाईने मच्छीची टोपली फेकून दिली आणि कुणाच्या तरी अंगणातला तांब्याचा बंब ओढत आणला. विश्रामगृहाचा माळीही झारी घेऊन उतरला. फौजदार शिट्ट्या मारत होते, "पिऊ नका! पाणी संशयित आहे!" क्षणभर सगळ्या थबकल्या. विषाचं नाव काढलं की हात थांबतोच.

तेव्हा शेवंती पुढे झाली. पोर कडेवर, कपाळाला कालची हळद. पाइपाखाली ओंजळ धरली आणि घटाघटा प्यायली. "मीच घातलंय ता," ती म्हणाली, "माज्या बापाशीच्या झऱ्याचा पाणी. भरा."

मग कोण कोणाचं ऐकतो? मी स्टँड सोडून आलो होतो, मीही भरत होतो. शिवा पहाऱ्यावरून ते सगळं बघत होता. मी जाताना त्याच्याजवळ थांबलो. वर्दी दिलीस ती नोकरीसाठी की ह्यासाठी, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. तो समुद्राकडे बघत म्हणाला, "माज्या आवशीक एक हंडो न्हेशीत, भाई? वायंगणीच्या गाडयेर ठेव, तोंडवलीच्या फाट्यार माजो भाव उतरून घेतलो." मी ठेवला. त्या हंड्याची मी केबिनमधून डोळ्यांत तेल घालून राखण केली.

दुपारपर्यंत बाव आटली. तळाला चिखल, दोन बेडूक. वैशाखातले झरे, ती भरायला पाऊसच हवा होता. फौजदारांनी परत जाळी बसवली, परत कुलूप. रिकाम्या बावीवर शिवा परत उभा राहिला, कारण नामदार अजून यायचेच होते.

आमच्या माजघरात भिंतीला लागून भरलेली भांडी ओळीने मांडलेली होती, प्रत्येकावर ताट झाकलेलं. बाबली निघताना बापाचा निरोप सांगून गेला: "पाणी आसा तवसर रव. संपला की ये. चेडवाचा हाल करू नको." चेडू म्हणजे आमची पोर. शेवंती हो म्हणाली. मीही हो म्हटलं.

म्हणजे आता आमचा संसार त्या भांड्यांत होता. मी सकाळी उठलो की आधी ताटं उचलून बघायचो. मी ठरवून टाकलं होतं: मी ह्यातलं पिणार नाही. मी परसातलं खारं प्यायचो आणि सांगायचो, स्टँडवर पिऊन आलो. दाढी खाऱ्या पाण्याने, अंघोळ खाऱ्याने. अंग चिकट, डोक्याचे केस काथ्यासारखे. पण संध्याकाळी घरी यावं आणि अंगणात शेवंती पोरीला खांद्यावर घेऊन उभी असावी, तर त्यापुढे ते काय होतं? पोर माझ्या अंगावर झोपायची. तिच्या टाळूचा वास घेत मी पडून राहायचो आणि हिशेब करायचो, की एक घंगाळ म्हणजे शेवंती आणखी किती दिवस. माणसाने बायकोला कशात मोजावं!

पण भांड्यांतलं पाणी फारसं कमी होत नव्हतं. मला आनंद झाला. मी कारण शोधायला गेलो नाही. आनंदाचं कारण कोण शोधतो?

पोर मात्र किरकिरायला लागली होती. दिवसभर रडायची, छातीला लागायची, सोडायची, परत रडायची. आई म्हणाली दात येत असतील.

एके दिवशी दुपारी गाडी उशिरा होती म्हणून मी जेवायला लवकर घरी आलो. शेवंती नुकतीच जेवायला बसत होती, पोर रडली म्हणून ती आत गेली. मला ठसका लागला. समोर तिचा पेला भरलेला होता तो उचलून मी प्यायलो.

खारट. परसातलं.

ती बाहेर आली, माझ्या हातातला पेला बघितला आणि दारातच थांबली.

"कधीपासना पितंस ह्या?"

तिने पेला काढून घ्यायला हात पुढे केला.

"शेवंते, कधीपासना?"

"पयल्या दिसापासना," ती म्हणाली. "तुमी पण पितासच मां. तुमच्या दाढयेर साबण बसना नाय ता माका दिसता. आई पण पितत. मी बघलंय."

मी आईकडे वळून बघितलं. आई चुलीतलं लाकूड उगाचच मागे ओढत होती.

"दूध कमी झाला," शेवंती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. "माका वाटला, येतला परत. माका थोडे दिस आणखी ऱ्हवाचा होता."

मला त्या क्षणी तिला ओरडायचं होतं. पोरीच्या तोंडचं जातंय आणि तू राहायचं म्हणतेस! ओरडलो नाही, कारण मला जे हवं होतं तेच तिने केलं होतं, आणि इथे राहिली तर ती पुढेही तेच करणार होती. मी उठलो, तिचे दोन्ही हात धरले, आईच्या देखत. हात खाऱ्या पाण्याने खरखरीत झाले होते. मी म्हटलं, "दुपारची परतीची गाडी आसा. तयारी कर."

"पाणी संपाक नाय हा," ती म्हणाली.

"म्हायत आसा माका."

तिला खिडकीजवळची जागा दिली. पोरीने माझं बोट धरलं होतं, ते ह्या वेळी शेवंतीने सोडवलं. तिचा चेहरा बघवेना म्हणून मी गाडीच्या चाकांकडे बघत राहिलो. ती खिडकीतून म्हणाली, "पावस पडलो की येतंय." मी मान हलवली. गाडी सोडायची शिट्टी मलाच मारायची होती. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत थांबला होता, त्याला काही घाई नव्हती. मी मारली.

ड्यूटी संपवून घरी आलो. घर झाडल्यासारखं रिकामं. मी सवयीने परसातल्या बावीकडे निघालो, तर आईने मागून हाक मारली. तिने माजघरातल्या पहिल्या हंड्यावरचं ताट काढलं, तांब्या बुडवून भरला आणि माझ्यापुढे धरला.

"घे, पी," ती म्हणाली. "आता कोणासाठी राखतलंस?"

मी तांब्या तोंडाला लावला. पाणी गोड होतं, अगदी गार. मी एकच घोट घेतला आणि ताट परत हंड्यावर झाकलं.